दादांचा राजा आणि आमचं ओगराळं

परवा लंडनजवळच्या पिनरच्या एका ओळखीच्या बाईनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि मेसेज, "किती शांत चेहरा ना! तुम्ही ह्यांना ओळखत होतात म्हणे." उघडून बघते तर आमचे दादा! डावीकडे रोमच्या त्या जुन्या बादशहाचं संगमरवरी डोकं, कुरळे केस, कुरळी दाढी. उजवीकडे आमच्या दादांचं टक्कल, चष्मा, खाली गेलेली नजर. मागं पियानो वाजतोय. मग अक्षरं येतात: माझ्या वडिलांनी मला सम्राटाचं शहाणपण दिलं, ते मी तुम्हाला देतो, थोड्याच आठवड्यांत तुम्हीही असेच शांत व्हाल. पहिला आठवडा फ्री.

मी चहा ठेवला होता, तो उतू गेला.

शांत! अहो, तो फोटो कधीचा, कुठला आणि त्या क्षणाला काय चाललं होतं, हे मला ठाऊक आहे. मी समोर उभी होते. वहिनी म्हणतात, "जाऊ द्या हो, आता माणूसच नाही राहिला." प्रज्ञा म्हणते, "मावशी, मला हॉस्पिटलात लाँग डे आहे, बारा तासांची ड्युटी, तुम्हीच बघा." म्हणून मीच बघते. माझ्याकडे वेळ आहे आणि रागही भरपूर आहे. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं वाचन माझं मीच केलं, आणि लिहिते मी बोलते तसंच. कुठं घसरले तर सांभाळून घ्या.

दादा म्हणजे नॉटिंगहॅममधला आमच्या लोकांचा पहिला पत्ता. नागपूरहून आम्ही नवराबायको आलो. ह्यांना हॉस्पिटलात पोर्टरचं काम मिळालं, पुढं मला तिथल्याच किचनमध्ये. दादा सेकंडरी स्कूलला मॅथ्स शिकवायचे आणि आमच्यापासून दोन दारं सोडून राहायचे. वयानं मोठे म्हणून ते दादा आणि त्यांच्या मिसेस वहिनी. रक्ताचं काही नाही. पण त्यांचा राहुल मला अजून आत्या म्हणतो. तो व्हिडिओ त्याचाच. ह्या आत्याला त्यानं तो पाठवला नाही, ते सोडा.

दादांना त्यांचा राजा सापडला तो इथल्या पहिल्याच थंडीत. पावसात छत्री उलटी झाली, म्हणून जुन्या वस्तूंच्या एका चॅरिटी शॉपमध्ये शिरले, आणि बाहेर पडले ते त्या राजानं लिहिलेलं पुस्तक घेऊन. छत्री तिथंच राहिली. बुद्ध त्यांनी घरून आणला होता, राजा इथं मिळाला. दोघं मग जन्मभर एकाच कपाटावर राहिले. एकीकडे बुद्धाची मूर्ती, शेजारी राजाचं प्लास्टरचं मुंडकं. वहिनी दोघांना एकाच फडक्यानं पुसायच्या.

राजाचं नाव लांबलचक, लॅटिन. माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही. दादा मास्तरच ते, दर वेळी दुरुस्त करायचे. शेवटी दोघंही कंटाळलो आणि मी सरळ "तुमचा राजा" म्हणायला लागले. गोष्ट मात्र मला पाठ झाली. राज्य अर्ध्या जगाचं, पण हा गडी गारठ्यात सरहद्दीवर तंबू ठोकून बसलेला, आणि दिव्यापाशी स्वतःलाच उपदेश लिहितोय. लहानपणी गादी असून जमिनीवर झोपायचा. देशात साथ आली, लढाया संपेनात, घरात लेकरं एकामागून एक गेली. पण चिडला नाही, रडत बसला नाही, खुर्चीचा माज केला नाही. राजा आणि विचारवंत एकाच सदऱ्यात, असा माणूस जगात क्वचित झाला, असं दादा म्हणायचे. मला पटायचं. अजूनही पुष्कळसं पटतं. माझं भांडण राजाशी नाही. थोडं आहे, पण ते पुढं सांगते.

तर दादांनी राजाचं सगळं उचललं. खाटेवरून खाली आले. गार पाण्यानं अंघोळ सुरू केली, इथं, जानेवारीत! हीटिंग लावणं म्हणजे मनाचा दुबळेपणा. "थंडी बाहेर असते," म्हणायचे, "तिला आत आपण घेतो." वहिनी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून भाकऱ्या थापत असायच्या. त्या तिथूनच ओरडायच्या, "मग दार उघडं टाकते, सगळीच आत घ्या!"

एका वर्षी त्यांचा बॉयलर गेला. दादा ओव्हरकोट घालून खिडकीत बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. तंबूत काय बॉयलर होता?" वहिनी दिवसभर फोन कानाला लावून उभ्या. ते गाणं वाजवत ठेवतात ना, ते ऐकत. मग भांडण, मग पुन्हा गाणं. संध्याकाळी माणूस आला, बॉयलर सुरू झाला. जाताना तो दादांचा हात हातात घेऊन म्हणाला, "यू आर अ ट्रू जंटलमन, सर." वहिनींकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

शेजाऱ्याच्या व्हॅनचंही तेच. तो रोज ह्यांच्या ड्राइव्हच्या तोंडाशी व्हॅन लावायचा. दादांची गाडी आतच अडकायची आणि ते चालत ट्रामला जायचे. विचारलं तर म्हणायचे, "त्याचा उद्धटपणा त्याच्यापाशी राहतो. माझ्या पायांना व्यायाम होतो." शेवटी वहिनी लाटणं हातात ठेवूनच बाहेर गेल्या आणि त्यांच्या होत्या नव्हत्या तेवढ्या इंग्लिशमध्ये त्याला असं झापलं, की रस्त्यावरचे पडदे हलले. व्हॅन हलली. आणि गल्लीत बोलणं काय सुरू झालं? नवरा देवमाणूस आहे हो, बाई जरा तिखट आहे.

माझं डोकं फिरतं ते इथं. त्या घरातला राग काही संपलेला नव्हता, तो सगळा एकटीच्या नावावर केला होता. कौन्सिलशी बाई भांडणार, जीपी डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टशी बाई भांडणार, राहुलच्या शाळेत जाऊन त्याला चिडवणाऱ्या पोरांच्या आयांशीही बाईच भांडणार. आणि हे खिडकीत बसून शांत! मी एकदा विचारलंच, "दादा, तुमच्या राजाला बायको होती का?"

"होती ना."

"कशी होती?"

दादा जरा घुटमळले. "लोक तिच्याबद्दल बरंवाईट बोलायचे. राजानं कधी मनावर घेतलं नाही."

"म्हणजे तिची बाजू घेऊन कुणाला खडसावलंही नाही?"

"ती गेल्यावर त्यानं तिच्या नावानं देऊळ उभारायला लावलं."

आतून वहिनींचा आवाज, "मेल्यावर देऊळ! जिवंतपणी बॉयलरसुद्धा नाही!"

दादा हसले. ते हसायचे छान. चष्मा काढून पुसायचे आणि खांदे हलवत राहायचे. म्हणूनच त्यांच्यावर पुरतं चिडताही यायचं नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

एक मात्र सांगितलंच पाहिजे, नाहीतर ही बाई एकतर्फी लिहिते म्हणाल. आमचे हे गेले तेव्हा घरात माणसं आली, ज्यानं त्यानं काहीबाही सांगितलं. अनित्य सांगितलं, आत्मा नसतो सांगितलं, वेळ हेच औषध सांगितलं. मला वाटलं, दादा आता राजाला घेऊन येणार. दादा आले, किचनमध्ये खुर्ची ओढली, टोपलीतला लसूण घेतला आणि सोलत बसले. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे कितीतरी दिवस. घरात इतका सोललेला लसूण झाला, की मी शेवटी म्हटलं, "दादा, आता बटाटे तरी सोला." त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. राजाला ते घरी ठेवून यायचे. राजा नसताना दादा फार चांगले होते.

आता हॉलचं सांगते. आमच्या सगळ्यांच्या वर्गणीतून एक जुनं चॅपेल घेतलं होतं. पुढं मोठी खोली, मागं किचन, किचनमध्ये मोठी गॅसची शेगडी. रविवारी वंदना, पोरांचा मराठीचा वर्ग, लग्नं, नामकरणं, शोकसभा, सगळं तिथं. सुरुवातीला एकदा अध्यक्षाची निवडणूक घेतली. तीन उमेदवार आणि चार गट झाले, हॉलमधलं भांडण पार नागपूरपर्यंत फोनवर गेलं. तेव्हा दादांनी रीत काढली. बुद्धपौर्णिमेला खीर असतेच. मावळत्या अध्यक्षानं पहिली वाटी वाढायची आणि मग ज्याला तो लायक समजतो त्याच्या हातात ओगराळं द्यायचं. ज्याच्या हातात ओगराळं, त्यानं उरलेल्या सगळ्यांना वाढायचं, स्वतः शेवटी खायचं, आणि तिथून मंडळ त्याचं. भाषण नाही, हार नाही. ओगराळं साधंच, स्टीलचं, लांब दांड्याचं, वहिनींच्या माहेरचं.

ही रीत त्यांनी राजाकडूनच घेतली होती. दर बुद्धपौर्णिमेला वंदना झाली की पोरांना समोर बसवून सांगायचे, "माझ्या राजाच्या आधीच्या राजांनी पोटच्या पोराला गादी दिली नाही. लायक माणूस हेरायचा, त्याला दत्तक घ्यायचं, राज्य त्याच्या हवाली करायचं. माझा राजाही असाच निवडलेला. जन्मानं तो राजपुत्र नव्हता." आमच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माणूस कुणाच्या पोटी आला यावर त्याची लायकी ठरत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्या आईबापांनी जुने देव सोडले आणि धम्म घेतला. त्यामुळं दादा हे सांगायला लागले की म्हाताऱ्यांच्याही माना डोलायच्या.

"आणि मग त्या राजानं कुणाला दिलं?" एखादं पोर विचारायचंच.

"खीर थंड होतेय," दादा म्हणायचे. गोष्ट दर वर्षी तिथंच थांबायची.

बरीच वर्षं ओगराळं फिरून फिरून दादांच्याच हाती राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला द्यायला लागले की लोकच म्हणायचे, दादा, तुमच्याच हातात बरंय. मग त्यांचे गुडघे गेले. त्या वर्षी द्यायचंच ठरलं, आणि कुणाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. प्रज्ञाला. प्रज्ञा हॉस्पिटलात नर्स. यवतमाळकडची, एकटी आलेली. नाइट करून सकाळी हॉल झाडायला यायची. तिनं शनिवारचं जेवण सुरू केलं होतं. हॉस्पिटलनं नव्या नर्सेस आणल्या, अमरावतीच्या, नागपूरच्या, कोवळ्या पोरी. शेअर्ड हाऊसमध्ये राहणाऱ्या, थंडीनं आणि एकटेपणानं गारठलेल्या. शनिवारी त्या यायच्या, गरम वरणभात खायच्या, पाय पसरून बसायच्या. "मावशी, पेशंट मला मी डक म्हणाला, ही शिवी आहे का हो?" असं विचारायच्या. मी सांगायची, अगं, इथले लोक लाडानं म्हणतात तसं. एखादी आल्या आल्या रडून घ्यायची आणि मग जेवायची. त्या पोरींचं माहेर म्हणजे ती शेगडी. दादाच प्रज्ञाला म्हणायचे, "तू आमची निवडलेली."

पौर्णिमेला प्रज्ञा पांढरी साडी नेसून, वर एप्रन बांधून पातेल्याशी उभी. राहुल बेसिंगस्टोकहून आला होता, चांगला कोट घालून. तिथल्या बिझनेस पार्कमध्ये त्याची नोकरी. कंपन्यांमधल्या दमलेल्या लोकांना दमलो म्हणू नका असं शिकवायची, मला जेवढं कळलं तेवढं. शिकवायला मसाला वडिलांच्या कपाटावरचाच. दादांनी पहिली वाटी वाढली, वहिनींना. मग ओगराळं घेऊन काठी टेकत निघाले, प्रज्ञाच्या समोरून पुढं गेले आणि ते राहुलच्या हातात दिलं.

नर्स पोरींनी आधी प्रज्ञाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

राहुलनं ओगराळं माइकसारखं धरलं आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागला. "थँक यू एव्हरीवन. डॅडचा व्हिजन खूप मोठी आहे. आपण हा कम्युनिटीला नेक्स्ट लेव्हलला नेऊ." खिरीवर साय धरायला लागली. पोरं वाट्या घेऊन ताटकळली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते वाढायला दिलंय. शेवटी प्रज्ञानं मोजमापाचा प्लास्टिकचा जग घेतला आणि त्यातूनच सगळ्यांना वाढलं. एक चेहरा वाकडा नाही. ओगराळं राहुलच्या हातात, वाढतेय प्रज्ञा. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पोरींनी त्या दिवशी फोनवर गोष्टीचा शेवट शोधून काढला आणि मला दाखवला. राजानं राज्य दिलं ते पोटच्या पोराला. ते पोर स्वतःला मोठा पहिलवान समजायचं, आखाड्यात उतरून लोकांसमोर तलवारी फिरवायचं, आणि बापानं जपलेलं सगळं त्यानं उधळलं. म्हणजे दादांना शेवट माहीत होता! दर वर्षी माहीत होता. माहीत असून तेच केलं. एवढा उपदेश स्वतःला लिहिलेला राजा, एवढी वर्षं तो वाचलेले दादा, आणि दोघंही एकाच दगडाला ठेचकाळले.

वहिनींनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. राहुलच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. जगली नाही. "तेव्हाच ते पुस्तक हाताला लागलं ह्यांच्या. राजाचीही लेकरं जायची ना. तेव्हापासून राहुलला नाही म्हणणं ह्यांना जमलंच नाही." मी ऐकलं. समजलं मला सगळं. पण समजलं म्हणून पटलं असं नाही.

पुढचं झटपट झालं. राहुल बेसिंगस्टोकहून ईमेल पाठवायचा. रविवारी हॉल कंपन्यांच्या शिबिरांना द्यायला लागला, वंदना सकाळी लवकर उरकायची. मराठीचा वर्ग झूमवर गेला. मग शेगडी गेली. मी एका शनिवारी वरणाचं पातेलं घेऊन गेले तर तिथं काचेचं टेबल आणि कॉफीचं मशीन. राहुल तिथंच होता. "आत्या, हा किचन खूप ओल्ड झाली होती. इन्शुरन्सचा इश्यू होता. आता बघा किती मस्त स्पेस!"

प्रज्ञा माझ्या मागं उभी. "राहुलदादा, शनिवारी त्या मुली येतात. त्यांचं काय?"

"ऑनलाइन बुक करता येईल ना, इफ देअर इज अ स्लॉट." मग आवाज एकदम मऊ केला. "प्रज्ञा, जे आपल्या हातात नसते, ते सोडून द्यायचा. डॅड नेहमी सांगतात."

बापाचं वाक्य! शेगडी ह्यानं उपटली, आणि ती आपल्या हातात नाही हे प्रज्ञानं समजून घ्यायचं! शांततेचा असा उपयोग होतो हे मला त्या दिवशी कळलं. सोसणाऱ्यालाच सांगायचं, की बाई, तुझं मन आवर. मी पातेलं तसंच उचललं आणि सरळ दादांच्या घरी गेले.

दादा खिडकीत. वहिनी पलीकडं कोथिंबीर निवडत होत्या.

"दादा, शेगडी गेली."

"कळलं. राहुल म्हणाला."

"मग?"

"आता ते माझ्या हातात नाही, ताई."

"हातातच होतं! तुम्हीच दिलं की! प्रज्ञाच्या नाकासमोरून नेऊन दिलं!"

"राहुलच्या मनात वाईट नाही."

"मनात नसेल. किचनमध्येही काही नाही आता." मी पातेलं टेबलावर आपटलं, वरण हिंदकळलं. "दादा, मी सातवी शिकलेली बाई. राजाचं मला काय कळतं? पण बुद्धाचं कळतं. तुम्ही पोराचं नाव राहुल ठेवलंत. बुद्धाकडे त्याचा राहुल आला होता ना, वारसा मागायला? काय दिलं बुद्धानं त्याला?"

दादा चष्मा पुसायला लागले.

"सांगा ना मास्तर. पोरांना एवढं विचारता."

"भिक्षापात्र," दादा हळू म्हणाले.

"वाडगा दिला! रांगेत उभं राहायला लावलं. आणि राजानं काय दिलं? एका कपाटावर दोघांना ठेवलंत आणि वेळ आली तेव्हा चुकीच्याचं ऐकलंत!"

मला वाटलं, आता वहिनी तुटून पडणार. माझ्यावर तरी, नाहीतर त्यांच्यावर. त्यांनी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ह्या घरात एवढी वर्षं मी ओरडले. आजपासून बंद. आता ज्याला ओरडायचंय त्यानं ओरडावं."

आणि बाईनं शब्द पाळला. जीपीची अपॉइंटमेंट मिळेना, वहिनी गप्प. शेजाऱ्याची व्हॅन पुन्हा तोंडाशी आली, वहिनी टीव्ही बघत बसल्या. हीटिंग बंद पडलं तेव्हा त्यांनी स्वतःपुरती गरम पाण्याची पिशवी घेतली. दादांना फोनवरचं गाणं ऐकत बसावं लागलं, शेजाऱ्याचं दार वाजवावं लागलं. मी माझ्या खिडकीतून बघितलं, त्याच्या दारात उभे राहून "एक्सक्यूज मी" म्हणाले, त्यानं काहीतरी उत्तर दिलं, आणि दादांचे कान लालभडक झाले. व्हॅन हलली नाही. काठी जोरात आपटत आत गेले.

त्यानंतर एके सकाळी ते न सांगता बाहेर पडले. तसल्या गुडघ्यांनी, ट्रेन बदलत, एकटेच बेसिंगस्टोकला. अंधार पडता पडता परत आले, काखेत सुपरमार्केटची पिशवी आणि पिशवीतून ओगराळ्याचा दांडा वर आलेला. तिथं काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते घरी पोचायच्या आधी राहुलचा वहिनींना फोन आला होता. चाळिशीचा बाप्या, शाळकरी पोरासारखी तक्रार करत होता. "आई, डॅडनी शाउट केला. ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये. माझ्यावर!"

वहिनी मला हे सांगताना गालातल्या गालात हसत होत्या. मी मात्र अजून हळहळते. जन्मभर ह्या माणसाची शांतता ऐकवली लोकांनी मला. तो एकदाच ओरडला, आणि मी तिथं नव्हते!

पुढच्या बुद्धपौर्णिमेला खीर माझ्या घरी शिजली, कारण हॉलमध्ये शेगडी नव्हती. ती आजही नाही, हेही लिहून ठेवते. राहुलनं रविवार परत दिले, शनिवार परत दिले, पण इन्शुरन्सचं काहीतरी अडलंय म्हणतो. शनिवारचं वरण अजून माझ्या घरूनच जातं. तर ते पातेलं प्रज्ञाच्या गाडीच्या डिकीत, दोन्ही बाजूंनी गाद्या लावून, आम्ही हॉलवर नेलं. वंदना झाली. दादांनी पहिली वाटी वाढली आणि ओगराळं प्रज्ञाच्या हातात दिलं. चुकलो म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते, नाहीच म्हणाले. काठी टेकत गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले, पोरांच्या, त्या नर्स पोरींच्या, सगळ्यांच्या मागं. हातात स्टीलची वाटी. राहुल भिंतीशी फोन बघत उभा होता. दादा मान न वळवता म्हणाले, "माझ्या मागं ये." तो आला. कुणीतरी त्यालाही वाटी दिली.

दादा गेले त्या वर्षाच्या शेवटी. खाली जमिनीवरच, झोपेत. ओगराळं प्रज्ञाकडे आहे.

आता फोटो. रांग पुढं सरकत दादा पातेल्यापाशी आले, तेव्हा एका नर्स पोरीनं तो काढला. सगळा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. डाव्या बाजूला प्रज्ञा, तिच्या हातात ओगराळं. तिच्याशेजारी पदर खोचून मी. मधे दादा, दोन्ही हातांत वाटी. आणि त्यांच्या मागं, त्यांच्या खांद्यावरून डोकावणारा, वाटी धरलेला राहुल. व्हिडिओसाठी त्यानं प्रज्ञाला कापलं, मला कापलं, वाटी कापली, आणि स्वतःलाही कापलं. उरलं ते दादांचं खाली बघणारं डोकं. त्याला म्हणे शांत चेहरा! त्याच्याशेजारी राजाला बसवलं आणि खाली पियानो लावला.

ते खाली का बघत होते ते ऐका. चुकलो म्हणाले नाहीत ना, म्हणून मी आधीच प्रज्ञाच्या कानात सांगून ठेवलं होतं, ह्यांना अर्धीच वाढ, काजू देऊ नकोस. तिनं अर्धी वाढली. दादांनी वाटीत बघितलं. नीट बघितलं, वाटी जरा तिरपी करून.

"एवढीच?"

मी म्हटलं, "दादा, जे आपल्या हातात नाही, ते सोडून द्यावं."

तेवढ्यात पोरीनं फोटो काढला. तेव्हा ज्यांना ज्यांना हा चेहरा शांत वाटतोय, त्यांनी ऐकून ठेवा. ते शांत नव्हते. ते माझ्यावर भयंकर चिडले होते.